फुलाबाईंनी न भरवलेला घास

मंडळी, बसून घ्या. तांड्यावरून आलेली मंडळी मागे उन्हात उभी आहे. त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे.

कापसाची वेचणी सुरू आहे. मजूर मिळत नाही. तरी तुम्ही अर्धा दिवस मोडून आलात. भाऊजींच्या वतीने, घराच्या वतीने, मी तुमची आभारी आहे.

सरपंच म्हणाले, "वहिनी, तुमी कॉलेजात शिकवता, तुमीच बोला." मी बाभुळगावच्या कॉलेजात मराठी शिकवते, हे खरं आहे. त्याचा आज फारसा उपयोग नाही. ज्या बाईशी मी रोज स्वयंपाकघरात बोलले, तिच्याबद्दल ती नसताना माईकसमोर उभं राहून बोलायचं आहे. मी हळू बोलेन. मध्ये थांबले तर थांबू द्या.

पंचफुलाबाई. गावाच्या फुलाबाई. माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना बाई म्हणायचे.

या अंगणवाडीत त्यांनी आयुष्य काढलं. आधीच्या वक्त्यांनी ते सांगितलं. वजनकाटा सांगितला, लसीकरण सांगितलं, पुराच्या वर्षी घरोघर पोचवलेला आहार सांगितला. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी बाईंच्या हातची खिचडी खाल्ली आहे. सरपंच, तुम्हीसुद्धा. तुम्ही वाटाणे थुंकून टाकायचात, हे बाई निवडणुकीच्या वर्षी आवर्जून सांगायच्या.

मी ते सगळं पुन्हा सांगणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती गावाला अर्धी माहीत आहे.

अर्धी गोष्ट अशी. फुलाबाईने साऱ्या गावाची पोरं भरवली. आणि घरात आणलेल्या पोरीला एक घास भरवला नाही. मांडीवर घेतलं नाही. पोर दत्तक होती म्हणून. कुठली, कोणाची, ठाव नाही म्हणून.

हे गावात बोललं गेलं. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत. आमच्या दारासमोरून जाताना आवाज थोडा खाली यायचा. एवढाच फरक.

परवा तेरवी झाली. जेवणं चालू असताना कोणीतरी माझ्या मुलीला म्हणालं, "तुले तं तिनं कधी जवळ केलं नाही. तू काहून रडतं?"

कोण म्हणालं, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. प्रेमानेच म्हणालं असेल. रात्री भांडी आवरताना कोमल मला म्हणाली, "आई, मोठ्या आईनं तर कधीच सांगितलं नसतं. आता तू गावाला सांग."

कोमल ही बघा, भाऊजींच्या शेजारी बसली आहे. दहावीला आहे. गोष्ट तिची आहे. तिने परवानगी दिली आहे, म्हणून मी सांगते आहे.

कोमल घरी आली तेव्हा तीन वर्षांची होती. मी आणि सुधाकर, आम्ही तिला संस्थेतून आणलं. नाव संस्थेतलंच ठेवलं. तिच्याजवळ तिचं स्वतःचं तेवढंच होतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी तो दिवस विसरल्या नसतील. आपल्याकडे लेकरू घरी आलं की बायका येतात आणि लेकरू मांडीवरून मांडीवर जातं. तशी कोमल गेली. कोणी हातावर खारीक ठेवली, कोणी गूळ. ती रडली नाही. बिचकली नाही. प्रत्येकीच्या गळ्यात हात टाकला, प्रत्येकीकडे पाहून हसली. बाईंना कोण आनंद झाला.

"पाह्य वं, किती गुणाची पोट्टी हाय. कोनाकडेही जाते. माह्ये पोट्टे तं शेजारीन आली की कोकलत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गुणी मूल मिळालं, असंच वाटलं.

पुढे संस्थेतल्या समुपदेशक ताई घरी आल्या. असं मूल नव्या घरात रुळावं म्हणून त्या वरचेवर येत. कोमल धावत गेली आणि त्यांच्या मांडीवर बसली. नंतर गॅसवाला आला. ती त्याच्या पायाला बिलगली. ताई पाहत होत्या. त्यांना आनंद झाला नाही.

त्या म्हणाल्या, "ही कोणाकडेही जाते, कारण हिच्यासाठी सगळी माणसं सारखी आहेत. सांभाळणारी बाई बदलली, की दुसरी यायची. पुढे आलेला हात धरायचा, एवढं ती शिकली आहे. हिला घर मिळालं. आई अजून मिळालेली नाही."

बाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

ताईंनी मग सांगितलं. काही महिने हिला भरवायचं ते आईने किंवा बापाने. आंघोळ त्यांनी घालायची, झोपवायचं त्यांनी, पडली तर उचलायचं त्यांनी. बाकीच्यांनी खेळावं, हसावं, गोष्टी सांगाव्यात. पण भूक लागली, दुखलं, भीती वाटली, की आईबापाकडे पाठवावं. आधी एक गाठ पक्की बसू दे. ती बसली की बाकीची माणसं आपोआप जोडली जातात.

तुम्हीच सांगा, आपल्या घरांत हे कसं व्हायचं? आपल्याकडे मूल एकट्या आईचं कधी असतं? बाईंनीही तेच विचारलं.

"हे काय बोलनं झालं, बाप्पा? लेकरू भुकेजलं तं जो जवळ असन थो भरवन. घर हाय का हापिस हाय?"

ताई हसल्या. "घर आहे ना, मावशी. म्हणून तर अवघड आहे."

त्या गेल्यावर बाईंनी लसूण जरा जोरातच ठेचला.

आणि खरी अडचण पुढेच होती. कोमलने माणूस निवडलं. ते माणूस मी नव्हते.

बाईंकडे मुलं का जायची, हे मी तुम्हाला काय सांगू. या अंगणात रडत आलेलं कुठलंही पोर त्यांच्या पदराशी जाऊन गप्प व्हायचं. कोमलही तिकडेच गेली. गोठ्यात त्यांच्या मागे, विहिरीवर त्यांच्या मागे, अंगणवाडीत त्यांच्या मागे. मी घास पुढे केला की तोंड मिटायचं. बाईंनी केला की उघडायचं. मी आंघोळ घालताना ती लाकडासारखी उभी राहायची. पोळीचे तुकडे उशीखाली लपवायची. उद्या मिळेल, याचा तिला भरवसा नव्हता. माझाही नव्हता.

मी कॉलेजातून रजा घेतली होती. दिवसभर घरीच होते. दिवसभर ती माझ्यासमोरून बाईंकडे जाताना पाहत होते. मला बाईंचा राग आला नाही. भीती वाटली. ही मुलगी माझ्या घरात मोठी होईल, आणि माझी होणार नाही.

मी हे कोणाला बोलले नव्हते. बाईंनाही नाही.

एका दुपारी बाई तिला वरणभात भरवत होत्या. ताईंनी नको म्हटलेलं होतं, पण पोर दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नव्हती. मी दारात उभी होते. बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवलं.

"घे वं. तू भरव."

"ती खात नाही माझ्या हातून."

"मी समोर हावो तं पोट्टी कशी खाईन?"

त्या उठल्या. सुपात तूर होती, ते सूप घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आमच्याकडे पाठ. कोमल गेली, पदर ओढला. बाई वळल्या नाहीत. कोमलने पाठीवर चापट्या मारल्या. बाई तूर निवडत राहिल्या.

"माह्ये हात खराब हायेत. आईकडे जाय."

त्या दुपारी कोमल जेवली नाही. माझ्या मांडीशेजारी झोपली, मांडीवर नाही. बाईसुद्धा जेवल्या नाहीत. हे मला रात्री पातेलं पाहून कळलं.

मग हे रोजचं झालं. कोमल आली की बाईंचे हात कामात असायचे. त्यांनी कोमलला कधी हिडीसफिडीस केलं नाही. हसायच्या, नावाने हाक मारायच्या, वासराची गोष्ट सांगायच्या. भूक लागली, की "आईकडे जाय". झोप आली, की "बाबाकडे जाय".

घरात सगळ्यांना त्यांनी तोच नियम लावला. भाऊजींना ताकीद होती: पोट्टी पडली तं उचलू नका, तिच्या बापाले हाक मारा. भाऊजी, सांगू का? सांगते. एकदा कोमल अंगणात पडली. भाऊजी तिच्या शेजारी हात मागे बांधून उभे, आणि ओरडताहेत, "सुधाकर! सुधाकर, लवकर ये, पडली!" सुधाकर गोठ्यातून शेणाच्या हातांनी धावत आला. रस्त्याने जाणारे थांबून पाहू लागले, की इथे झालं तरी काय.

तुम्ही हसलात. बाईपण हसल्या होत्या.

पण अंगणवाडीत हसण्यासारखं नव्हतं. तिथे सगळं गाव पाहत होतं. खिचडीच्या वेळी बाई लहान मुलांना हाताने भरवायच्या. कोमलची पाळी आली, की मदतनीस सेवंताबाईंना म्हणायच्या, "जा, हिच्या मायले बोलाव." मी गल्ली ओलांडून यायचे आणि तिला भरवून जायचे. बाकीच्या पोरांना बाईंचा हात, कोमलला नाही. हे तुम्ही पाहिलंत. पाहिलंत ते खोटं नव्हतं. त्यावरून जे वाटलं, तेही कोणालाही वाटलं असतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं फुला, गावाच्या पोट्ट्याईले भरवतं अन् घरचीले हात लावत नाही? आनलेली म्हून काय?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं.

"हो वं. माह्या हाताले लय कामं हायेत." आणि तिच्या पदरात तिळगूळ घातला. "गोड खाय. गोड बोलाले जमते का पाह्य."

घरी आल्यावर मी म्हणाले, "बाई, मी सांगते सगळ्यांना. हे बरोबर नाही."

"काय सांगशीन?"

"जे आहे ते."

"काय हाय? पोट्टी आईले आई समजत नाही, हे सांगशीन? गाव मंग जल्मभर तेच धरून बसन. उद्या शाळेत जाईन, पोट्टे चिडवतीन. तुही आई तुही नाही म्हनतीन. मले म्हनू दे. माह्यं काय आता लगन जमवाचं हाय?"

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटते नं. मंग?"

त्यानंतर मी विचारलं नाही. त्यांनी मला न सांगण्याची शपथ वगैरे घातली नाही. "मंग?" एवढंच म्हणाल्या.

सेवंताबाई इथे आहेत. त्यांना सगळं ठाऊक होतं. थांब्यावर कोणी बाईंबद्दल बोललं, तेव्हा त्या आपल्या तांड्याच्या बोलीत अशा काही भांडल्या, की ज्यांना शब्द कळले नाहीत त्यांनाही अर्थ कळला. बाईंनी त्यांनाच रागे भरलं. "कायले तोंड दुखवतं? खिचडी करपून राह्यली तिकडे."

माझी रजा संपली. मला सकाळच्या एसटीने जायचं होतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आईला शेतावर जायचं असेल, तर कोणी पोराला कोंबडी दाखवतं, कोणी खुळखुळा वाजवतं, आणि आई मागच्या दाराने निघून जाते. पोर मान वळवतं तर आई नाही. बाई यात तरबेज होत्या. त्यांनी अशा कितीतरी आया पळवून लावल्या असतील. ताईंनी ते बंद करायला सांगितलं. जायचं ते सांगून जायचं. रडली तर रडू द्यायचं. आणि सांगितलेल्या वेळेला परत यायचं. आई जाते आणि येते, हे तिला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे.

बाईंना हे पटायला वेळ लागला. "रडवून जाचं? हे कोनती रीत?" पण मी घरातून पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांनीच कोमलला पुढच्या दारात आणून उभं केलं. "आई जाऊन राह्यली. पाचच्या एसटीनं येते. टाटा कर."

कोमलने टाटा केला आणि खेळायला गेली. रडली नाही. बाई म्हणाल्या, शहाणी हाय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही आता कळत होतं, की हे शहाणपण नाही.

दिवसा सुधाकर तिच्याजवळ असायचा. संध्याकाळी तो धारा काढायला बसला, की बाई तिला थांब्यावर आणायच्या. रोज. पावसात छत्री घेऊन. तिचा हात धरायच्या नाहीत, दोन पावलं मागे चालायच्या. गावाने तेही पाहिलं. पोरीचा हात धरवत नाही हिला.

काही आठवड्यांनी कोमल सकाळी रडू लागली. मी एसटीत चढताना ती दाराशी अशी रडली, की ड्रायव्हरने गाडी बंद केली. मी रडतच कॉलेजात गेले. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं." माझं मन ते मानायला तयार नव्हतं. तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आणि मग तो दिवस. मंडळी, हे मला नीट सांगायचं आहे.

एसटी थांब्यावर आली. मी खिडकीतून पाहत होते. कोमल गाडी पाहून धावली आणि खडीवर पडली. गुडघा फुटला. बाई तिच्या अगदी जवळ होत्या. त्या वाकल्या. विचार करून नाही, आपोआप. दोन्ही हात पुढे गेले.

कोमल उठली. समोर बाईंचे हात होते. ती त्या हातांच्या बाजूने पळाली. एसटीच्या दाराशी आली, माझ्या पायांना धरलं, आणि मोठ्याने रडली. दुखलं म्हणून ती त्याआधी कधी रडली नव्हती. "आई, लागलं," म्हणाली.

मी तिला उचललं. तिच्या खांद्यावरून मला बाई दिसत होत्या. त्यांचे हात अजून तसेच होते. रिकामे. मग त्यांनी ते मागे घेतले आणि माझी पिशवी उचलली.

"चाल. गुडघा धुवा लागन."

घरापर्यंत त्या आमच्या पुढे चालल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. काय होतं त्या चेहऱ्यावर, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. घरी आल्यावर हळद लावायला मला वाटी आणून दिली. एवढंच म्हणाल्या, "आली तुह्याकडे."

नंतर ताई म्हणाल्या, आता बाकीच्यांनी हळूहळू जवळ घ्यायला हरकत नाही. बाई म्हणाल्या, थांबा अजून. पक्कं होऊ द्या. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. आपल्या मांडीची.

पुढे एका दुपारी आम्ही अंगणात शेंगा सोलत होतो. कोमल माझ्याजवळ बसली होती. तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, मी मोठ्या आईकडे जाऊ?"

कोणाच्याही गळ्यात पडणारी मुलगी मला विचारत होती.

मी म्हटलं, "जा."

बाईंनी हातातल्या शेंगा टाकल्या. तिला मांडीवर घेतलं. कोमल झोपली. ऊन अंगावर आलं, तरी बाई हलल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर चादर धरून उभी राहिले.

हे अंगण आमचं होतं. त्या वेळी रस्त्यावर कोणी नव्हतं. म्हणून ते कोणी पाहिलं नाही. थांब्यावरचं सगळ्यांनी पाहिलं, अंगणातलं कोणी नाही. आणि गावात गोष्ट एकदा रुजली की ती पुन्हा कोणी तपासायला जात नाही. त्यानंतर कोमल बाईंच्या ताटात जेवली, त्यांच्या कुशीत झोपली, तिने त्यांची वेणी घातली. तरी गोष्ट तशीच राहिली. बाईंनीही ती पुसली नाही. मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे वं. ज्याले समजाचं, त्याले समजलं."

एक मात्र त्यांनी केलं. त्या वर्षापासून या अंगणवाडीतून एकही आई मागच्या दाराने गेली नाही. तुम्ही चिडायच्या, आठवतं? बाई, पोरगं रडते, आमाले उशीर होते. बाई दारात आडव्या उभ्या राहायच्या. "सांगून जाय. रडते तं रडू दे. थे तुह्यासाठी रडते, माह्यासाठी नाही."

ते त्यांना कोणी शिकवलं, हे आज तुम्हाला कळलं. समुपदेशक ताईंनी शिकवलं. आणि माझ्या मुलीने.

मला एवढंच सांगायचं होतं. मी कोणाकडून माफी मागवायला उभी राहिलेले नाही. ज्यांनी म्हटलं, त्यांच्याही पोरांना बाईंनी भरवलं. सभा संपल्यावर कोमलजवळ येऊन काही बोलू नका. तिला बाईंबद्दल नव्याने काही कळायचं नाही. कळायचं होतं ते आपल्याला.

बाईंजवळ उत्तर होतं. एका वाक्यात देता आलं असतं, आणि गाव गप्प झालं असतं. त्यांनी ते दिलं नाही. एका मुलीला शाळेत कोणी चिडवू नये, म्हणून त्या या गावात इतकी वर्षं गप्प राहिल्या.

बाई, तुम्हाला माझा नमस्कार.

मंडळी, उभे राहू या. त्यांच्यासाठी आता दोन मिनिटं आपण गप्प राहू.